शेपटावरचं कुंकू

माझा स्वभाव मुळातच फटकळ. नवरा म्हणतो, तुझ्या जिभेला ब्रेक नाही. पण त्या दिवशी माझी जीभ जशी वागली, त्याला फटकळपणा म्हणत नाहीत.

जर्मनीत उंटरश्लाइसहाइमला राहायला आल्यापासून दर शनिवारी मी जवळच्या एका छोट्या विमानतळावरच्या फेराइनमध्ये, म्हणजे हौशी मंडळात, जाते. आठ-दहा निवृत्त माणसं तिथे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं एक विमान जुन्या ड्रॉइंग्जवरून नव्यानं बांधतायत. वरखाली पंखांच्या दोन जोड्या, लाकडी फासळ्या, त्यावर ताणलेलं कापड आणि मागेपुढे दोन खुर्च्या. एक शिकणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची. कागदोपत्री ते हौशी लोकांसाठी होतं, खरं तर लष्कराचे वैमानिक त्यावर तयार व्हायचे. नवशिक्यानं कसंही आपटलं तरी टिकावं म्हणून चाकांचे पाय दणकट केलेले. पहिल्या नमुन्याला गिरकी लागली की ते सावरायचंच नाही, म्हणून पुढे शेपटावरचा उभा पंख चांगला मोठा केला. मी मेकॅनिकल इंजिनियर. चाकांच्या पायांचं सगळं गणित माझ्याकडे. परदेशी अशी मी एकटीच आणि बाईही एकटीच. त्या लोकांनी मला आपलं म्हटलं याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू!

त्या मोठ्या शेपटावर नाझींच्या काळी कोणतं चिन्ह रंगवायचे, ते सगळ्यांना माहीत आहे. आता इथे त्याला कायद्यानं बंदी. फेराइनमध्ये त्यावर बरीच चर्चा झाली. आमचे अध्यक्ष ऐंशीच्या घरातले. त्यांचे वडील असल्याच विमानावर शिकले आणि युद्धावरून परत आले नाहीत. ते म्हणाले, शेपूट कोरं ठेवायचं, कोरं म्हणजे कोरं. सगळ्यात आधी "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणणारी मीच.

इंजिन पहिल्यांदा चालू करायचा दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, एवढं यंत्र सुरू करताय, पूजा नको? दोन फुलं वाहीन आणि बाजूला होईन." मला कौतुकच वाटलं. अध्यक्षांना विचारलं, तेही आनंदानं हो म्हणाले. लेकीला घेऊन आम्ही तिघी गेलो.

सगळी मंडळी पुढे इंजिनपाशी जमली होती, मीही तिथेच. हे विमान जमिनीवर उभं असलं की नाक वर आणि शेपूट पार खाली. सासूबाईंची उंची बेताची. नाकापर्यंत हात पोचेना, म्हणून त्या मागे गेल्या. तिथे हाताला येईल अशी पांढरीशुभ्र मोकळी जागा. नव्या गाडीवर काढतात तसं त्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चार टिंबांसकट. वर झेंडूचं फूल टेकवलं आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

मी मागे वळले, बघितलं आणि धावलेच. अध्यक्षही वळले.

"अहो आई! काय करून ठेवलंत हे!" मी सगळ्यांसमोर ओरडले. रुमाल काढून खसाखसा पुसायला लागले. कुंकू ते, पुसलं जाण्याऐवजी आणखीच फासलं गेलं. आणि पुसता पुसता मी जर्मनमध्ये बडबडले, "माफ करा हं, खेड्यातल्या आहेत, शाळेत गेलेल्या नाहीत, त्यांना काही कळत नाही."

शाळेत गेलेल्या नाहीत! ज्यांनी उभा जन्म गणित शिकवलं, ज्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, ज्यांनी माझ्या लेकीला व्हिडिओ कॉलवर पाढे शिकवले, त्यांच्याबद्दल मी हे बोलले. कशासाठी? तर त्या आठ-दहा माणसांत माझं नाक कापलं जाऊ नये म्हणून. लाज वाटते मला. अजून वाटते.

अध्यक्ष जवळ आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "तुमच्याकडे हे देवळात असतं, मला ठाऊक आहे. त्यांनी काय मागितलं ते विचारा."

मी विचारलं. सासूबाई अगदी कानकोंड्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "यात बसेल तो सुखरूप घरी येऊ दे, एवढंच ग. हात सवयीनं गेला. मला कळायला हवं होतं."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली, खाली पडलेलं झेंडूचं फूल उचललं आणि शिकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवलं.

"आणि तू मघाशी काय सांगितलंस त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"आपली पद्धत आहे म्हणून सांगितलं."

माझी लेक दुसरीत आहे. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती माझं जॅकेट ओढत जर्मनमध्येच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, "पण ममा, आजी तर शाळेत टीचर होती. तू खोटं का बोललीस?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"काय म्हणतेय ग ती?" सासूबाई.

अजूनही खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "भूक लागलीय म्हणतेय."

"अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं, बाळा!" त्यांनी पर्समधून डबा काढला आणि नातीच्या हातावर नारळाची वडी ठेवली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आजीकडे, आणि मुकाट्यानं ती वडी खाल्ली.