आधी बाकड्याला, मग सभागृहाला

राज्यमंत्री नीलाम्मा, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्का, साठ वर्षांच्या होत आहेत, तर मामा, तुम्हीही चार ओळी लिहा, असं गौरव समितीनं मला सांगितलं. मी चौथीतून शाळा सोडलेला शिंपी. वाचायला शिकलो ते कापड ज्यात बांधून यायचं त्या रद्दी कागदांवरून. या ग्रंथात थोरामोठ्यांच्या शेजारी माझा लेख म्हणजे भारी सुटाला गोधडीचं ठिगळ. पण ठिगळ तरी कुठंतरी उसवलेलं असतं म्हणूनच लावतात. म्हणून लिहितो.

अक्कांची नि माझी पहिली गाठ पडली ती पोलीस चौकीत. सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या दुकानासमोरून माझी सायकल चोरीला गेली होती, ते सांगायला मी गेलो होतो. माझ्या आधी एक म्हातारी उभी होती. अक्कलकोटच्याही पलीकडची, कानडीशिवाय दुसरा शब्द न येणारी. गर्दीत कुणीतरी तिच्या गळ्यातली बोरमाळ ओढली होती. हवालदारानं कागदावर काहीतरी खरडलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं सरकवली. तेवढ्यात तिच्यासोबत आलेली दोन वेण्यांची, कॉलेजातली एक मुलगी बोलली. म्हातारी तिच्या नात्याची नव्हती. एसटी स्टँडवर रडताना दिसली म्हणून ती हात धरून घेऊन आली होती.

“काय लिवलंय ते वाचून दाखवा की आजीला.”

“तिला मराठी कळतंय व्हय?”

“तुमी वाचा, मी कानडीत सांगते.”

“तू कोण गं? वकिलीण?”

“न्हाय. पण अंगठा तिचा हाय, मग कानबी तिचेच पायजेत की.”

हवालदारानं वैतागून वाचलं. लिहिलं होतं, माळ बहुधा वाटेत पडली असावी, कुणाबद्दल तक्रार नाही. मुलीनं ते कानडीत सांगितलं आणि म्हातारीनं जो सूर लावला तो अख्ख्या पेठेनं ऐकला. कागद फाडून दुसरा लिहावा लागला. माळ मिळाली नाही. माझी सायकलही मिळाली नाही. ती मुलगी मात्र तेव्हापासून दुकानावरून जाताना “काय मामा, सायकल आली का?” असं विचारायची. आज मंत्री झाल्या तरी विचारतात.

पुढं अक्का नगरसेविका झाल्या, आमदार झाल्या, मंत्री झाल्या, हे सगळं इतरांनी लिहिलं असेल. मी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि त्यांच्या संपर्क कार्यालयात येऊन बसू लागलो. काम काय, तर दार उघडायचं, माठ भरायचा, आलेल्याला बाकड्यावर बसवायचं. त्या बाकड्याबद्दल मात्र मलाच लिहायला हवं.

अक्कांकडे गृह आणि महिला-बालविकास अशा दोन खात्यांचं राज्यमंत्रिपद आहे. अधिवेशन आलं की प्रश्नांचे गठ्ठे येतात. अमुक ठाण्यात तक्रार घेतली नाही, हे खरे आहे काय. परदेशी लोक कागदांविना राहतात, हे खरे आहे काय. बालगृहातल्या मुलांना पोटभर मिळत नाही, हे खरे आहे काय. खाली खात्यांनी तयार केलेली उत्तरं असतात: हे खरे नाही, हे अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. इतर मंत्री ती गाडीत नजरेखालून घालत असतील. अक्का अधिवेशनाआधीच्या रविवारी सोलापुरात येतात आणि बाकड्यावर जो कोणी बसलेला असेल त्याच्यासमोर उत्तरं मोठ्यानं वाचायला लावतात. वाचतात त्यांचे स्वीय सहायक पाटील. ऐकणाऱ्यांत कधी भाजीवाली, कधी रिक्षावाला, कधी माढ्याहून जमिनीच्या कामाला आलेला एखादा शेतकरी. “ज्याच्या तोंडावर वाचता येत न्हाय, ते सभागृहात कसं वाचू?” हे त्यांचं म्हणणं. छापण्याआधी तो कागद बाहेरच्यांसमोर वाचायचा नसतो, हे पाटलांनी त्यांना कितीदा तरी सांगितलं. मग अक्का नावं गाळून वाचायला सांगतात. पण वाचायला लावतातच.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. माणूस थकतो हो. रेल्वेचा रात्रभराचा प्रवास, पायांना सूज, डब्यात घरची कडक भाकरी नि शेंगाची चटणी, आणि वर हे ऐकणं. एकेका उत्तराला चार माणसं चार गाऱ्हाणी जोडतात. मी दहादा म्हटलं असेन, “अक्का, जरा पडा आत.” त्या म्हणतात, “पडते की.” आणि पडत नाहीत.

गेल्या एका अधिवेशनाआधीची गोष्ट. शहराबाहेर इमारतींच्या कामावर बंगालकडची काही कुटुंबं होती. कागदांची तपासणी झाली. एका नवरा-बायकोकडे काहीच सापडलं नाही, सगळं गावी राहिलेलं. दोघं परदेशातून चोरून आलेली असावीत या संशयानं त्यांना नेलं. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी टुंपा त्या वेळी शेजारच्या विडीकामगार लक्ष्मव्वांकडे खेळत होती. दोन दिवसांनी तिला बालगृहात ठेवलं गेलं. सभागृहात प्रश्न लागला: कारवाईत लहान मुलीची आईवडिलांपासून ताटातूट झाली, हे खरे आहे काय?

त्या रविवारी बाकड्यावर लक्ष्मव्वाच बसल्या होत्या. सलग तिसऱ्या आठवड्यात आल्या होत्या, एकच विचारायला, की पोरीला आई कधी भेटणार. पाटलांनी नावं गाळून वाचलं. पोलिसांचं उत्तर होतं, “सदर कारवाईत कोणतेही बालक ताब्यात घेण्यात आलेले नाही.” बालविकास खात्याचं उत्तर होतं, “बालिका सुस्थितीत असून तिचा ताबा मागण्यासाठी पालक अद्याप उपस्थित झालेले नाहीत. सबब ताटातुटीचा प्रश्न उद्भवत नाही.”

नावं गाळली म्हणून काय झालं, लक्ष्मव्वांना कळायचं ते कळलं.

“आई कशी येनार, अक्का?” त्या म्हणाल्या. “ती तुमच्याकडंच कोंडलीय न्हवं?”

पोलिसांनी लिहिलेलं खरं होतं, त्यांच्याकडे मूल नव्हतंच. बालगृहानं लिहिलेलंही खरं होतं, आई आलेली नव्हतीच. दोन खाती, दोन खरी उत्तरं, आणि दोन्ही एकाच टेबलावर आली होती. ते टेबल अक्कांचं. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना दमलेलं पुष्कळदा पाहिलंय, पण त्या दिवशी त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

“पाटील, गाडी काढायला सांगा,” त्या म्हणाल्या. “मामा, तुमीबी चला.”

बालगृहाच्या पायरीवर टुंपा बसली होती. अंगावर धुतलेला झगा, केसांना तेल. हयगय कुणी केली नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. अक्का गुडघे धरत तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं. शेवटी तिनं अक्कांकडे बघितलं आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, “उद्या या.”

तिथल्या ताई ओशाळल्या. आई कधी येणार म्हणून ती रोज विचारायची, आणि त्या तिला हातानं खुणावत ‘आई उद्या, उद्या’ म्हणायच्या. दारात कोणी आलं की त्याला सांगतात ते ‘उद्या या’ही तिनं तिथंच ऐकलेलं. मराठीतलं तेवढं एकच तिच्या तोंडी बसलं होतं.

मुंबईत बैठक झाली तेव्हा मी नव्हतो, पाटलांनी सांगितलं ते लिहितो. एक वरिष्ठ अधिकारी म्हणाले, “मॅडम, ‘अंशतः खरे आहे’ असं घालू, म्हणजे सांभाळलं जाईल.” अक्का म्हणाल्या, “त्या पोरीची आई अंशतः आत आहे का?” पक्षातल्या कुणीतरी फोनवर सुनावलं, की बाहेरून चोरून येणाऱ्यांबद्दल नरम दिसलात तर पुढं मंत्रिपद विसरा. अक्का त्यांना म्हणाल्या, “बाहेरचा असेल तर कायद्यानं परत जाईल, मीच पाठवीन. पण तपास होईपर्यंत पोरानं आईजवळ असावं, हेही कायद्यातच लिहिलंय. ते पान तुम्ही वाचलं नसेल, मी वाचून दाखवते.”

आणि सभागृहात उठून त्यांनी उत्तर दिलं: “होय, हे खरे आहे. माझ्या दोन्ही खात्यांनी एकमेकांना विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मुलीला आणि आईला एकत्र ठेवण्याचे आदेश आजच दिले आहेत.” प्रश्न विचारणारे सदस्य म्हणे भांडायच्या तयारीनं उभे राहिले होते, ते तसेच खाली बसले. आपल्याच पक्षाच्या बाकांवरून मात्र कुणी बाक वाजवला नाही.

आई आली त्या दिवशी अक्का स्वतः बालगृहात होत्या. मीही होतो. गेटातून ती बाई धावतच आली. टुंपा दाराआड उभी. आईनं हात पसरले आणि पोरगी तिथूनच म्हणाली, “उद्या या.” आईला मराठी येत नव्हतं. लेक काहीतरी नवं बोलायला शिकली एवढंच तिला वाटलं असावं, ती हसली. त्याचा अर्थ आम्हाला मात्र कळला. अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आई उंबऱ्यावर बसून राहिली. पुष्कळ वेळानं पोरगी आपणहून आली आणि आईचा पदर हातात घट्ट धरून बसली, मग कुणी खायला दिलं तरी तो सोडला नाही.

आईच्या माहेरची ओळख तिकडच्या पोलिसांनी पटवली, ती सुटली. बापाची पडताळणी अजून पुरी झालेली नाही. एक कागद तिकडून येतो, त्यात आणखी एक विचारलेला असतो. अक्का दर आठवड्याला फोन लावतात. मायलेकी लक्ष्मव्वांच्या शेजारीच राहतात आणि रविवारी बाकड्यावर येऊन बसतात. म्हणून हा लेख गोड करून संपवता येत नाही. अक्कांना तसं आवडणारही नाही.

या सत्काराची गोष्ट निघाली तेव्हा त्या मला म्हणाल्या, “मामा, हार नको, हॉल नको. त्या बापाचा कागद आणून द्या, तोच सत्कार.” तो माझ्या हातात नाही. माझ्या हातात होतं ते इतकंच, हे लिहिणं. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी डोळ्याला पट्टी होती, तेव्हा याच बाई आमच्या घरी येऊन मला अख्खं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायच्या, छोट्या जाहिरातींसकट. “कुणाची तरी सायकल सापडलीय का बघू या” म्हणायच्या. आता मी लिहिलेलं हे कुणीतरी त्यांना तसंच मोठ्यानं वाचून दाखवावं. तोंडावर वाचता येणार नाही असं एकही अक्षर मी यात घातलेलं नाही.

अक्का, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, असं सगळेच म्हणतील. मीही म्हणतो. पण त्या आयुष्यात एक तरी दुपार अशी मिळो, की टुंपाचा बाप घरी पोचलेला असेल, पायांची सूज उतरलेली असेल आणि तुम्ही आतल्या खोलीत गाढ झोपलेल्या असाल. त्या दुपारी दारात कोणी आलं, तर मी ओठांवर बोट ठेवून सांगीन, अक्का झोपल्यात, उद्या या.

आणि मला पक्कं ठाऊक आहे, आतून आवाज येईलच: “कोण आलंय, मामा? बसवा त्यांना. आले मी.”