कार्ल्याच्या बांधावरचं कासव

कासवांच्या जीवाश्मांवरून त्यांची कुळं लावणं हा माझा अभ्यास. कासव सरड्यापेक्षा मगरीच्या आणि पक्ष्यांच्या जवळचं, हे मी इंग्रजीत तासभर सांगू शकते. पण कार्ल्याला भातखाचराच्या बांधावर दगडी कासव दिसलं, तेव्हा ते कुठलं हे शेतातल्या मावशींना विचारायला मला तीन दिवस धीर झाला नाही. इकडचा दगड लाव्हाचा आणि लाव्हाच्या दगडात जीवाश्म बहुधा नसतात, हे परीक्षेत लिहूनही मी माझ्या मार्गदर्शक सरांना फोटो पाठवला: ‘बहुतेक नवी जात!’

चौथ्या दिवशी मावशीच म्हणाल्या, “त्ये देवळातलं हाय. नवी फरशी बसवली तवा हितं ठिवलं. पाया पड की, लाजतीस कशाला?”

पाया पडून मी सरांना खरं ते कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘कोरलेले डोळे फोटोतच दिसले होते. तू कधी सांगतेस, याची वाट बघत होतो.’