पाण्याचं चिनी अक्षर

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आज सत्त्याऐंशीव्या वर्षीही नाही. आमच्या डहाणूच्या वाडीतल्या विहिरीवर हडळ आहे म्हणून गडीमाणसं तिन्हीसांजेला तिकडे फिरकत नसत. मी मुद्दाम कळशी घेऊन जायचे. हडळ काही भेटली नाही, आईचा मार तेवढा मिळाला. तेव्हा 'आजी, तुम्ही भोळ्या आहात' असं खाली कॉमेंटमध्ये लिहायचं असेल, तर आधी पूर्ण वाचा. भाची टाइप करतेय, तीही मधूनमधून हसतेय. हसू दे.

अठ्ठावन्न साली मी मुंबईत बी.ए. करत होते. तेव्हा 'हिंदी-चिनी भाई भाई'चा जोर होता. आम्हा सहा विद्यार्थ्यांना उन्हाळ्याचे तीन महिने चिनी भाषा आणि तिथली रीतभात शिकायला पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, पाठवलं. बोटीने हाँगकाँग, तिथून आगगाडी. माझे वडील — आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो — चिकू बागायतदार, कधी सुरतेच्या पुढे न गेलेले. पण डहाणू स्टेशनपासून चिखले गावापर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमची कुसुम चीनला चालली." आईने डब्यात सुके बोंबील भरून दिले. त्या वासाने पेकिंगचं होस्टेल दोन दिवस हैराण होतं.

तिथे आम्हाला हान नावाचे म्हातारे शिक्षक होते. शिक्षकाला तिकडे 'लाओशी' म्हणतात. हान लाओशींचा माझ्यावर जीव होता, कारण मी वाद घालायचे. त्यांच्याकडे एक करडी वीट होती. कागद महाग, म्हणून ब्रश पाण्यात बुडवून विटेवर अक्षर काढायचं. ते वाळलं की पुन्हा काढायचं. हात बसेपर्यंत हेच.

त्यांनी मला चिनी नाव दिलं, 'आन'. म्हणजे निर्धास्त, सुखरूप. हे अक्षर म्हणजे वर छप्पर आणि त्याखाली बसलेली बाई. चिनी अक्षरात कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर, हे ठरलेलं असतं. इथे छप्पर आधी, बाई नंतर. लाओशी स्वतः मात्र उलटं काढायचे. आधी बाई, मग तिच्यावर छप्पर. लहानपणी आईने तसं शिकवलं होतं म्हणे. "तू हे करू नकोस, परीक्षेत मार्क जातील," असं मला बजावायचे. म्हणून मी कायम पुस्तकासारखंच काढत आले. अक्षर पूर्ण झालं की दोन्ही सारखीच दिसतात. कशाने सुरुवात केली ते लिहिताना समोर असलेल्यालाच कळतं. हे नीट लक्षात ठेवा.

परत आल्यावर चार वर्षं लाओशींची पत्रं येत होती. मग बासष्ट साल उजाडलं, युद्ध झालं, पत्रं बंद. जे लोक मला चीनच्या गोष्टी सांगायला घरी बोलवायचे, ते रस्त्यात तोंड फिरवू लागले. नाक्यावरचा गुजराती दुकानदार गिऱ्हाइकांसमोर टोचून विचारायचा, "केम कुसुमबेन, चीनवाळा शूं कहे छे?" साध्या कपड्यातला एक माणूस दोनदा घरी येऊन चौकशी करून गेला. भाऊंनी धसका घेतला. मी तेव्हा शिक्षण संपवून घरीच होते. त्यांनी माझी पुस्तकं, पत्रं, लाओशींचा फोटो, सगळं माझ्यासमोर बंबात घातलं. मी एक सरावाची वही तेवढी वाचवली. ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या घडीत.

आता मुख्य गोष्ट. त्रेसष्टचा मे महिना. मी सव्वीस वर्षांची आणि घरात बसलेली. तलासरीला सरकारी नोकरीत असलेल्या एका मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, मला त्याचा फोटो आवडलाही होता, उगाच खोटं कशाला बोलू? अडचण एकच. सरकारी नोकरी, बायको चीनला जाऊन आलेली... कसं चालणार? म्हणून घरात ठरलं की अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात मी कलकत्त्याला मावशीकडे होते असं सांगायचं. आणि आदल्या रात्री मी ट्रंक उघडली तेव्हा वही भाऊंना दिसली होती.

"चार वाजता माणसं येतायत," भाऊ म्हणाले. "एवढी वही बंबात घाल आणि मोकळी हो. मी हात जोडतो तुला."

भाऊंनी कधी कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मला रडू आलं. खरं सांगते, मी वही जाळायलाच निघाले होते. चिनी मी विसरत चाललेच होते. एकटीच्या तोंडात भाषा किती दिवस टिकणार?

दुपारचे बारा वाजून गेले होते. मागच्या दारी बंब पेटलेला. पलीकडे विहिरीजवळ काळा सपाट दगड होता, तोडलेले चिकू धुवून त्यावर घासायचे. तिथे सावलीला लहानी चिकू निवडत बसली होती. लहानी रानशेतची वारलीण, चिकूच्या हंगामात आमच्याकडे कामाला असायची. शाळेचं तोंड न पाहिलेली. पण लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक मांडायला तिला चार पाड्यांतून बोलावणं यायचं.

"बाय, हिकडं ये," ती म्हणाली. "ह्या दगडावर पानी चालतं."

मी वही घेऊन तशीच गेले. दगड उन्हात तापलेला. त्याच्यावर एक ओली रेघ होती, शेवटी जरा आत वळलेली. मी बघते आहे तोवर ती सुकली. बस, मी डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच. त्याहून जास्त पाहिलं असं म्हणणार नाही.

"तूच शिंपडलं असशील. ऊन लागलंय तुला," मी म्हटलं.

लहानी चिडली. "माजं हात सुकं हायेत, बघ. कोन नवता. पानी आपलं आपन रेघा काढत गेलं."

"कसल्या रेघा?"

तिने बादलीत बोट बुडवलं आणि दगडावर काढायला लागली. आधी तीन रेघा, एकीतून दुसरी जाणारी. ती बाई झाली. मग वर एक टिंब, डावीकडे एक छोटी रेघ, आणि आडवी रेघ नेऊन शेवटी आत वळवली.

"आमी आदी चौक मांडतो, मंग आत देवी बसवतो," ती म्हणाली. "यानं देवी आदी मांडली, चौक मागून. हा कोन अडानी?"

'आन'. माझं नाव. मी तिला तीनतीनदा काढायला लावलं. तिन्ही वेळा आधी बाई, मग छप्पर.

आता तुमचे प्रश्न. तिने वही पाहिली असेल? ट्रंकेला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे. आणि वहीत नुसतं अक्षर आहे, रेघांचा क्रम नाही. मला लिहिताना पाहिलं असेल? तसं असतं तर छप्पर आधी आलं असतं, कारण मी तसंच काढायचे. लाओशींची ही खोड मी कुणाजवळ बोलले नव्हते, बोलले असते तरी ऐकणार कोण होतं?

मी वही घेऊन घरात आले. चार वाजता माणसं आली. पोहे झाले, चिकू आले. मुलाच्या वडिलांच्या कानावर कुणीतरी घातलं असावं. त्यांनी हळूच विचारलं, "अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात तुम्ही कुठे होता, ताई?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पेकिंगला. चिनी शिकायला. चांगली शिकले."

बशीतले चिकू तसेच राहिले. आई आत जाऊन रडली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. तो मुलगा जाताना एकदा मागे वळून बघून गेला, ते आजही आठवतं.

भाऊ तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी विहिरीजवळ येऊन उभे राहिले.

"वही जाळलीस का?"

"नाही."

त्यांनी त्या काळ्या दगडावरचा एक चिकू उचलून टोपलीत टाकला. मग म्हणाले, "ट्रंकेत वरच्या बाजूला ठेव. खाली वाळवी लागते."

मी लग्न केलं नाही. शाळेत नोकरी केली, आणि विचारेल त्याला चीनला गेले होते हे सांगितलं. लाओशींना पुढे पुष्कळ पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. त्या दुपारी ते हयात होते की नव्हते, हेसुद्धा मला माहीत नाही. लहानी गेली, विहीर बुजली, दगडही कुणी उचलून नेला. मी भुतांवर विश्वास ठेवत नाही, आणि या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. दोन्ही खरं आहे, ज्याला पटत नसेल त्याने खुशाल पुढचं पान उघडावं.

वही माझ्याजवळ आहे. रोज सकाळी ओट्यावर पाण्याने माझं नाव काढते. पुस्तकात अजून छप्परच आधी आहे. मी त्या दुपारपासून बाई आधी काढते.