वसंताचं इंजिन

परवा श्टॉयरचे, म्हणजे इथल्या आयकराचे, कागद शोधताना वसंताच्या इंजिनाचा फोटो हाती लागला आणि साठ वर्षांपूर्वीची मत्सराची कळ जशीच्या तशी उठली.

तेव्हा मी इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेला इंजिनांच्या ड्रॉइंगवर मान मोडत होतो. माझा पुण्याचा वर्गमित्र वसंता मात्र इंग्लंडमधल्या कारखान्यात मालगाड्यांची खरीखुरी इंजिनं दुरुस्त करत होता. तो मला भेटायला आला आणि फलाटावर पाय ठेवताच सुरू झाला.

"अरे, दहा चाकं एकमेकांना जोडलेली, पण मधल्या दोन चाकांना रुळाला धरून ठेवणाऱ्या कडाच नाहीत. म्हणून एवढं लांब धूड वळणावर अलगद वळतं."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो त्या चाकांखाली झोपून आला होता.

तेवढ्यात शेजारच्या रुळावरून एक मालगाडी धूर सोडत संथपणे निघाली. ओल्या वाफेचा आणि तापल्या तेलाचा वास आला. वसंताने हात वर केला, तर ड्रायव्हरने टोपीला हात लावला. मी दोन वर्षं त्याच फलाटावर उभा राहत होतो, माझ्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

मग मी राखून ठेवलेली बातमी काढली. "तुमची ती इंजिनं भंगारात काढतायत म्हणे. बांधून दहा वर्षंसुद्धा झाली नाहीत."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि खिशातून हा फोटो काढला. "म्हणून तुझ्यासाठी आणला. इंजिनांचं वेड मला तूच लावलंस ना."

तो फोटो मी कधीच भिंतीवर लावला नाही. परवाही पुन्हा कागदांखाली सरकवला.