अप्पा चेक

काळजी करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. निर्धास्त माणूस गावाला जातो, फोटो काढतो आणि परत येतो; त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. माझं तसं नाही. मी पापनाशमला जाऊन आलो तरी दोन किस्से घेऊन येतो, आणि पापनाशम इथून बसने तासाभरावर आहे. त्यामुळे लक्षद्वीपहून आल्यापासून तंजावुरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या सकाळच्या कॉफीला दुसरा विषयच नाही.

आधी माणसं सांगतो. मी तीस वर्षं विम्याच्या कचेरीत क्लेम्सच्या टेबलावर काढली. फाईल उघडली की त्यात काहीतरी बुडालेलं, जळालेलं नाहीतर आपटलेलं असायचं. न बुडालेल्या माणसाची फाईल माझ्याकडे कधी आलीच नाही, मग मला कसं कळणार की अशी माणसंही असतात? बायको जाऊन सहा वर्षं झाली. थोरली बहीण, अक्का, इथून जवळच तिरुवैयारूला गाणं शिकवते. आणि एकुलती एक मुलगी, रंजनी. एम.एस्सी. झालेली. ती लक्षद्वीपच्या एका बेटावर पर्यटकांना समुद्राच्या तळाशी घेऊन जाते. ही नोकरी आहे, पगार मिळतो!

मी तिला परत आणायला गेलो होतो. कुंभकोणमच्या एका शाळेत विज्ञानाची जागा होती, हेडमास्तर ओळखीचे, जूनपर्यंत थांबतो म्हणाले होते. एप्रिलमध्ये मी आणि अक्का निघालो. मुलगी समुद्रात आणि मी तंजावुरात, हे मला आणखी एक वर्ष झेपलं नसतं.

*

आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही. कावेरीकाठी पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, पण पाणी घोट्याला लागलं की आमचे वडील म्हणायचे, "पुरे." तोच नियम मी पुढे चालवला.

रंजनी दहा-अकरा वर्षांची असताना दर शनिवारी तिरुवैयारूला अक्काकडे गाणं शिकायला जायची. तीन तासांचा क्लास. परत यायची तेव्हा केस ओले. मी एकदा अक्काला विचारलं, की ही ओली कशाने होते?

अक्का म्हणाली, "भैरवी शिकवते आहे. कठीण राग आहे रे, घाम येतो."

मी मान डोलावली. मला गाण्यातलं काही कळत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी समजलं, की तीन तासांपैकी एक तास गाणं आणि दोन तास शेजारच्या शेतातली विहीर. पोरगी विहिरीत, अक्का काठावर. अक्काला स्वतःला पोहता येत नाही!

मी भडकलो. "ती बुडाली असती तर तू काय केलं असतंस?"

"ओरडले असते. माझा आवाज ठाऊक आहे ना तुला?"

*

कोचीहून जहाज. जहाजावर मी लाइफ जॅकेटं मोजली, बोटी मोजल्या, माणसं मोजली. एक जॅकेट कमी भरलं. दोनदा मोजलं तरी कमीच. शेवटी कप्तानाच्या माणसाला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही एक घातलंय."

पण खरी परीक्षा पुढे होती. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, मोठं जहाज आत जात नाही. ते बाहेरच थांबतं आणि जहाजाच्या पोटातल्या दारातून खालच्या छोट्या होडीत उतरायचं. होडी एकदा दारापर्यंत वर येते आणि पुढच्या क्षणी एक पुरुषभर खाली जाते. होडीवाला "आता" म्हणतो, की पाऊल टाकायचं.

तो तीनदा "आता" म्हणाला. मी तिन्ही वेळा दाराची कड धरून उभा. माझ्या डोळ्यांपुढे फाईल होती: नाव, वय, मृत्यूचं कारण. मागे रांग लागली. अक्का माझ्या बाजूला उभी राहून खाली बघत होती. तिचा हात मांडीवर ताल धरत होता, थाप, करंगळी, अनामिका. मग सहासष्ट वर्षांची माझी बहीण, साडी एका हातात उचलून, होडीवाल्याच्या "आता"ची वाट न बघता उतरली. पायरीवरून उतरावं तशी.

मला दोघांनी उचलून पोत्यासारखं खाली दिलं. मी होडीच्या तळाशी पडलेलो असताना अक्का वरून म्हणाली, "लाटेलाही ताल असतो रे. तू नुसती लाट बघत बसलास."

*

बेटावर धक्क्याजवळच रंजनीचं डायव्हिंग सेंटर. मालक रफीक, तिथलाच, गोड माणूस. मी तयारीनेच गेलो होतो. सुरक्षेची व्यवस्था ढिसाळ निघाली, की तिथल्या तिथे पोरीला म्हणणार होतो, चल, बॅग भर.

त्यांची होडी निघायच्या बेतात होती. रफीकने ओरडून विचारलं, "अप्पा चेक झालं?"

होडीतून उत्तर आलं, "झालं."

रंजनी मला अप्पा म्हणते; मला वाटलं, मला बघून काहीतरी म्हणाले. मी नमस्कार केला. कुणी लक्ष दिलं नाही. मग भिंतीवर एक प्लॅस्टिक लावलेला कागद दिसला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अप्पा चेक. खाली सत्तावीस प्रश्न. ऑक्सिजनची बाटली भरलेली आहे का? ती उघडायची चावी कोठे आहे? चावी हरवली तर दुसरी कोणाकडे आहे? होडीवाल्याने आज जेवण केलं आहे का?

सगळे प्रश्न माझे. तीन वर्षं रोज सकाळी मी रंजनीला फोनवर विचारत आलेले.

रफीक म्हणाला, "सर, आधी आम्ही हसायचो. मग एका दिवशी तुमच्या चौदाव्या प्रश्नामुळे एक फाटकी नळी सापडली. तेव्हापासून होडी याच्याशिवाय सुटत नाही."

बॅग भर म्हणायची संधी गेली. माझ्याच प्रश्नांनी माझा खटला बुडवला होता. आणि खरं सांगतो, छाती थोडी फुगलीही होती.

*

राहायची सोय आयशुम्माच्या घरी होती. सत्तरीची बाई, तीन वर्षांपूर्वी आल्या आल्याच रंजनीला घरात घेतलेली. तिची भाषा मलयाळी वळणाची, आमची तमिळ, निम्मं कळायचं आणि उरलेलं हातांनी. त्या घरात प्रत्येक गोष्टीत मासा. आमच्यासाठी मात्र तिने कोरं भांडं काढलं आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. अक्काने आपली सांबारपूड दिली, तिने नारळाचा गूळ दिला. एका दिवसात दोघींचं गूळपीठ जमलं.

मी बेट पावलांनी मोजून आलो. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सहाशे पावलं. उंचवटा म्हणाल तर कोठेच नाही. मी आयशुम्माला विचारलं, "समुद्र वर आला तर पळायचं कोठे?"

तिने माडाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. "चढता येतं?"

"नाही."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली.

तिचा नवरा आणि दोन मुलगे पहाटे ट्यूना पकडायला जायचे. ते बाहेर असेपर्यंत ती अंगणात नारळ सोलत बसायची, पण समुद्राकडे पाठ करून. वारा समोरून हवा म्हणून असेल, असं मला वाटलं. विचारलं, तर म्हणाली, "लग्न झालं तेव्हा सहा महिने मी तोंड करून बसले. एक होडीसुद्धा त्यामुळे लवकर आली नाही. नारळ मात्र सोलायचे राहिले."

मी दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी पाठ करून बसून पाहिलं. रंजनीची होडी गेली होती. सात मिनिटं बसलो. मान दुखायला लागली, कारण ती सारखी मागे वळत होती.

*

जागेची पाहणी केल्याशिवाय मी आयुष्यात एकही क्लेम मंजूर केला नाही आणि नाकारलाही नाही. तेव्हा परतीच्या आदल्या दिवशी मी जाहीर केलं, की मी पाण्याखाली जाऊन बघणार. डॉक्टरचं सर्टिफिकेट तंजावुराहूनच आणलं होतं. रंजनीने फॉर्म पुढे केला.

आणीबाणीत कोणाला कळवायचं, या रकान्यात मी 'रंजनी' लिहिलं.

"अय्यो अप्पा, मी तुमच्याबरोबर पाण्यातच असणार. काठावरचं माणूस लिहा."

मी अक्काचं नाव लिहिलं. मग सवयच वाईट, म्हणालो, "तुझा फॉर्म दाखव."

ती थांबली. मग कपाटातून काढून दिला. त्या रकान्यात आयशुम्माचं नाव होतं. माझं नाही. शाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर त्या जागी माझं नाव होतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवताही आलं नाही.

"मी मेलो नाही अजून," मी म्हणालो.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही घरी एकटे असता. तुम्हाला फोन आला, तर त्या वेळी तुमच्याजवळ कोण असणार? आयशुम्मा आधी आत्याला कळवील. आत्या रिक्षा करून तुमच्याकडे येईल, तुमच्या शेजारी बसेल, आणि मग सांगेल. तसं ठरलंय."

"कधी ठरलं?"

"मी इथे आले त्याच आठवड्यात."

मी अक्काकडे बघितलं. ती माझा चष्मा पुसत होती. चष्मा मी तिला दिलेलाही नव्हता.

*

आता शेवटचं.

आम्ही दोन मजले खोल गेलो. रफीक कॅमेरा घेऊन पुढे, रंजनी माझ्या पाठीवरच्या सिलिंडरचा पट्टा धरून बाजूला. प्रत्येकाच्या सिलिंडरला एक काटा असतो, किती हवा उरली ते दाखवणारा. घाबरलेला माणूस हवा भराभर संपवतो, असं रफीकने आधीच सांगितलं होतं. दोघांचेही काटे दोनशेवर होते. वीस मिनिटांनी आम्ही वर आलो.

संध्याकाळी अंगणात रफीकने लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. निळं पाणी, प्रवाळ, पिवळ्या माशांचा थवा. मग एक कासव आलं, जेवणाच्या टेबलाएवढं, आणि माझ्या डोक्यावरून हातभर अंतराने सावकाश निघून गेलं. व्हिडिओतला मी मान एका बाजूला वाकडी करून बसलेला. थवा आला तेव्हा तशीच, कासव आलं तेव्हाही तशीच.

"अरे, केवढं ते कासव," अक्का म्हणाली. "तू बघत तरी कोठे होतास?"

रंजनीने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा बघितला.

"अप्पा माझा काटा बघत होते," ती म्हणाली.

रफीकने लॅपटॉप मिटला. रंजनी माझ्यासमोर येऊन बसली. "उद्या सकाळी जहाज आहे, अप्पा. शाळेचं काय ते बोलायला आलात ना? बोला आता."

मी घरून भाषण पाठ करून आलो होतो. चार मुद्दे होते.

"वर येताना तुझ्या काट्यावर एकशेचाळीस होते," मी म्हणालो. "माझ्या काट्यावर साठ."

"होय."

"खाली दोघं तेवढाच वेळ होतो."

"होय, अप्पा."

"मग राहा."