एका बाकावरच्या तिघी

सकाळी पावणेअकरा वाजता हे सगळं सुरू झालं. दुष्काळाचं साल, जून महिना, आणि जळगावच्या मुलींच्या शाळेतला आठवीचा पहिला दिवस. घंटा झाली आणि बाईंनी उंची बघून तीन मुली एका बाकावर बसवल्या. एका कडेला कांचन, तिच्या वडिलांची कापडाची पेढी. दुसऱ्या कडेला शकू, तिची आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. मधे माझी सिंधू.

किस्से काही आपण ठरवून गोळा करत नाही. मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि बोलत सुटते. आपण भाकरी थापता थापता ऐकतो, हसतो. हसून झाल्यावर मात्र तव्यावरची भाकरी करपलेली दिसते. माझं शिक्षण सातवी. सतराव्या वर्षी सिंधू झाली. तिनं मॅट्रिक व्हावं एवढीच माझी इच्छा होती. त्या वर्षभरात कळलं की मुली शाळेत वाचण्या-लिहिण्यापेक्षा वेगळंच काही शिकत असतात, आणि त्याचा पेपर कोणी तपासत नाही.

पहिला किस्सा निबंधाचा. विषय, ‘मी कोण होणार?’ सिंधूनं लिहिलं, डॉक्टर. कांचननं लिहिलं, ‘ते बाबूजी ठरवतील.’ शकूनं लिहिलं, ‘जिनिंगमध्ये मुकादमीण.’ सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. सिंधू घरी येऊन पुन्हा हसली.

संध्याकाळी शकू वही न्यायला आली तेव्हा मी विचारलं, “मुकादमीणच का गं?”

“ती सावलीमा बठस, काकू,” ती म्हणाली.

दुसरा किस्सा भाकरीचा. त्या साली रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. आम्ही थोडे गहू मिसळून ती कशीबशी गिळत होतो. शकूच्या घरी नुसती मिलो. सिंधू आपला डबा झाकणाआड धरून खायची, शकू उघडा ठेवून खायची. कांचननं ती लाल भाकरी बघितली आणि घरी हट्ट धरला, मलाही गुलाबी भाकरी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी आमच्या दारात हजर. “शेठाणींनी विचारलंय, भाकरीत रंग कोणता घालता?”

मी म्हटलं, “सरकार घालून देतं.”

तो तेवढंच पाठ करून गेला.

तिसरा किस्सा सांगताना सिंधू हसत नव्हती. वर्गात कांचनचं फाउंटन पेन हरवलं. बाईंनी नुसतं विचारलं, “कोणी बघितलं का?” एवढ्यात शकू उठली आणि दप्तर उलटं करून सगळं बाकावर ओतलं. पाटी, दोन वह्या, एक बोथट पेन्सिल, कांद्याचा तुकडा.

बाई म्हणाल्या, “अगं, तुझं नाव कोणी घेतलंय का?”

“मंग कोनं दप्तर देखशात, बाई?” मग कोणाचं दप्तर बघाल, असं तिनं उलट विचारलं.

पेन कांचनच्याच कंपासपेटीत निघालं. कांचनला तर एवढं काय झालं तेच कळेना. म्हणाली, “नसतं मिळालं तर दुसरं आणलं असतं.” मी सिंधूला विचारलं, तू काय केलंस? ती म्हणाली, “मी माझं दप्तर मांडीवर घेतलं.”

चौथा किस्सा आमच्या घरातलाच. माझे मालक एस.टी.त कंडक्टर, जळगाव-धुळे गाडीवर. दिवाळीच्या सुट्टीत कांचन आणि तिची आई धुळ्याला मावशीकडे निघाल्या, सोबत सिंधूला घेऊन गेल्या. मी नवीन फ्रॉक घालून पाठवली. दुपारी गाडी कोणती मिळेल, याचा काही मी विचार केला नाही.

मालक रात्री घरी आले. पाय धुतले, जेवायला बसले. म्हणाले, “आज गाडीत आपली सिंधू होती.”

“मग? बोललात का?”

“शेठाणी तिला विचारत होत्या, तुझे वडील एस.टी.त मोठे साहेब आहेत ना? ती हो म्हणाली.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “मग मी म्हटलं, तिकीट घ्या, बाई. तिच्याकडे बघितलं नाही. पोरीला अवघड झालं असतं.”

दोन दिवसांनी सिंधू परत आली. वडिलांनी तिला धुळ्याच्या गमती विचारल्या, तिनं सांगितल्या. गाडीचा विषय कोणीच काढला नाही. मी वाट बघत होते की ती रडेल, निदान चिडेल. ती जेवली आणि झोपली. मला झोप आली नाही. बापाला विसरायला जी पोर शिकली, ती पुढे कोणाकोणाला विसरेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

तोवर शकूचं शाळेत येणं कमी झालं होतं. कापसाचा हंगाम, आईच्या जोडीला हात पाहिजे. मी सिंधूला सांगायची, “तिला अभ्यास दे, घरी बोलाव.” ती हो म्हणायची. एकदा म्हणाली, “आई, तिच्या केसांत कापूस असतो.”

पाचवा किस्सा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराचा. कांचनची सगाई ठरली. बाबूजींनी ठरवलं, तिनं लिहिलं होतं तसंच. आठवीनंतर शाळा बंद. आम्हा मायलेकींना जेवणाचं आमंत्रण आलं. मोठा मांडव, लांबच लांब पंगत. सिंधू माझ्या शेजारी बसली, केसांत गजरा, पाठ ताठ. समोर कांचन साडीत बसलेली. मान खाली घातलेली पोर मला ओळखूच येईना.

जेवणं होत आली तेव्हा उष्टी काढायला बायका आल्या. त्यांत शकूची आई होती, आणि तिच्यामागे टोपली घेऊन शकू. पदरासारखी ओढणी खोचलेली. ती एकेक पत्रावळ उचलत आमच्यापर्यंत आली. मी हसले. तीही हसली.

“काकू, तुम्ही जेवा निवांत,” ती मला म्हणाली.

मग ती सिंधूसमोर वाकली. एका बाकावर वर्षभर खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघी.

“ताई, झालं? उचलू?”

सिंधूनं हात मागे घेतला आणि म्हणाली, “उचल.”

शकूच्या घरचे आता पाचोऱ्याला गेलेत, तिकडच्या जिनिंगवर. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर तिला माझा एवढा निरोप द्या. सिंधूच्या आईनं सांगितलंय म्हणावं, सिंधूला नावानंच हाक मार.