भाऊंचं परत आलेलं लायसन

माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसले की माझ्या सासऱ्यांचा, भाऊंचा, उजवा पाय ब्रेक शोधायचा. वळण आलं की त्यांची टाच फूटरेस्टवर दाबली जायची आणि मला ती जाणवायची. उभा जन्म जीप चालवलेला माणूस सुनेच्या मागे बसून फिरत होता, आणि समोरून कोणी ओळखीचं आलं की मान दुसरीकडे वळवत होता.

भाऊ मालवणात पर्यटकांना जीपमधून फिरवायचे. घाई करणाऱ्यांना म्हणायचे, “दर्या खंय पळान जाता?” वाडीत कोणी आजारी पडलं की पहिली हाक भाऊंनाच. अडीनडीला धावणारा माणूस म्हणून त्यांना मान होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना आवडायचाही.

कसालच्या एका लग्नात, भर दुपारी, ते दारू प्यायले. शेजारच्या बायजाकाकीला आणि तिच्या लहान नातवाला घेऊन परत निघाले. वाटेत जीप रस्ता सोडून कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्याला घासत गेली. कोणाला खरचटलंही नाही, पण पोलीस आले. कोर्टात दंड झाला आणि लायसन सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. त्यानंतर भाऊंनी दारूला कधी हात लावला नाही. पण बाजारात जाणंही सोडलं.

सासूबाईंनी सगळ्यांना जीप बंद असण्याचं कारण भाऊंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन असं सांगितलं. बायजाकाकी गप्प राहिली. आम्हीही तीच री ओढली. मग कणकवलीहून माझे वडील शहाळी घेऊन भेटायला आले. “आता स्पष्ट दिसतं ना?” त्यांनी विचारलं.

भाऊ खाली बघत म्हणाले, “डोळे बरे आसत माझे. मी दारू पिऊन गाडी चालवलंय. पोलिसांनी धरल्यानी.”

वडिलांनी शहाळ्यांची पिशवी भिंतीशी सरकवली. सासूबाई उठून आत गेल्या. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. वडील गेल्यावर भाऊ मला म्हणाले, “माझ्यासाठी कोणी खोटा बोला नको, गो. ता माका जास्त लागता.”

मुदत संपल्यावर मी त्यांना ओरोसच्या परिवहन कार्यालयात नेलं. आधी नियमाप्रमाणे प्रशिक्षणाचा वर्ग झाला होता. त्यात ते सगळ्यांत मागे बसले होते. खिडकीपाशी रांग होती. “निलंबन कशाबद्दल?” आतून विचारणा झाली. भाऊ ऑफिसातल्या मराठीत म्हणाले, “दारू पिऊन गाडी चालवली, साहेब.” रांगेतली माणसं वळून बघायला लागली. भाऊंचे कान लाल झाले, पण ते जागचे हलले नाहीत.

लायसन मिळालं. मला वाटलं, आता हॉटेलात जाऊन चहा घेऊ. भाऊ म्हणाले, “आधी बायजेकडे चल.”

बायजाकाकी अंगणात मासे साफ करत होती. भाऊ उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. “लायसन परत गावला. आता बसशीत माझ्या गाडयेत?”

तिने हात धुतले, पदराला पुसले. “नाय रे. रागवू नको. तेव्हा माझो नातू माझ्या मांडयेर होतो. माका अजून भिती वाटता.”

“बरोबर आसा तुझा,” भाऊ म्हणाले आणि परत फिरले.

पुढे त्यांची जीप पूर्वीसारखी धावायला लागली. बायजाकाकी मात्र बाजाराला एसटीने जायची. थांब्यावर ती दिसली की भाऊ वेग कमी करायचे, मान हलवायचे, पुढे जायचे. एकदा मी चिडून म्हटलं, “इतकी वर्षं झाली, भाऊ! आता तरी काकीने विसरायला हवं.”

“लायसन साहेबाकडे होता, ता तेना परत दिल्यान,” ते म्हणाले. “नातू तिचो आसा. तिना तो परत माझ्या हातात कशाक देवचो?”

गेल्या वर्षी भाऊ गेले. दिवसकार्य झाल्यावर बायजाकाकी आमच्या पडवीत बराच वेळ बसून राहिली. मी पाणी दिलं, ते तिने तसंच बाजूला ठेवलं.

“मागसून भिती गेली होती गो माझी,” ती म्हणाली. “मी बसलंय असतंय तेच्या गाडयेत. पण तेना परत इचारूकच नाय.”